वाटीचं विसळण

त्रिशला मगदूम या बाईंनी सलग अकरा आठवडे, दिवसातून तीन वेळा, ‘उभारी’ची पूड घेतली, असं आमच्या रुग्णालयाच्या नोंदीत आहे. ती नोंद माझ्या हातची आहे आणि ती चुकीची आहे. कुणी खोटं बोललं म्हणून चुकली असती, तर मी त्या माणसावर चिडून मोकळी झाले असते. पण कुणीच खोटं बोललं नव्हतं.

मी वैजयंती सबनीस. मिरजेतल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. पेशंट मला ‘पथ्यवाल्या मॅडम’ म्हणतात. बावीस वर्षं लोकांना हे खाऊ नका, ते खाऊ नका सांगण्यात गेली, त्यामुळे माझं बोलणं फटकळ झालंय. ते नरम करायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. गोड बोलणाऱ्या आहारतज्ज्ञाचं कुणी ऐकत नाही, असा माझा अनुभव.

आधी उभारीबद्दल सांगते. माणसाच्या पोटात कापल्यावर पुन्हा वाढणारा एकच मोठा अवयव आहे, तो म्हणजे यकृत. धडधाकट माणसाच्या यकृताचा साठ टक्के भाग काढून दुसऱ्याला बसवला, तरी उरलेला चाळीस टक्के भाग वाढत जाऊन काही महिन्यांत बराचसा भरून येतो. दिलेला तुकडाही दुसऱ्याच्या पोटात वाढतो. कुठं थांबायचं हेही यकृताला कळतं. शरीराला पुरेसं झालं की पेशींना ‘बास’ असा निरोप जातो. हा निरोप आतड्यापासून पित्तातल्या द्रव्यांमार्फत पोचतो, आणि वाढ चालू असतानाही तो थोडा थोडा जातच असतो. म्हणून वाढ सावकाश होते.

सात-आठ वर्षांपूर्वी आतड्यातल्या एका जिवाणूनं तयार केलेला पदार्थ सापडला. तो पोटात गेला की आठ तास हा निरोप पोचतच नाही. मोकळं रान मिळाल्यासारख्या पेशी वाढतात. चाळीस टक्क्यांचं यकृत सहा आठवड्यांत नव्वदीच्या पुढं जातं. कडधान्यं आंबवून हा पदार्थ काढता येतो, त्यामुळे उभारी कायद्याच्या लेखी औषध ठरली नाही. ती ठरली पूरक अन्न. म्हणून ती शल्यविशारदांच्या कागदावर न जाता माझ्या टेबलावर आली, प्रथिनांची बिस्किटं आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या शेजारी.

तिनं फार चांगलं काम केलं, हे मी आजही नाकारणार नाही. पूर्वी यकृत द्यायचं म्हटलं की नातेवाईक तोंड लपवायचे. आता दाता दहाव्या दिवशी घरी, महिन्याभरात कामावर. आमच्याकडची प्रतीक्षायादी निम्म्यावर आली. मी तर तिची भक्तच झाले होते.

मात्र ज्याला नवं यकृत बसवलंय त्याला उभारी द्यायची नाही. कर्करोगामुळे ज्याचं जुनं यकृत काढलं, त्याच्या रक्तात एखादी चुकार पेशी कुठंतरी झोपून राहिलेली असू शकते. नवा अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून जी औषधं देतात, ती शरीराच्या राखणदारांना आधीच पेंगवून ठेवतात. त्यात त्या पेशीलाही ‘बास’चा निरोप गेला नाही, तर काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं. डब्यावर ‘फक्त दात्यासाठी’ असं छापलेलं होतं. का, ते छापलेलं नव्हतं. खाण्याच्या डब्यावर कर्करोग हा शब्द घालत नाहीत, असं कंपनीचं म्हणणं, आणि आम्ही त्याला मान डोलावली होती.

मगदूम भावंडं जयसिंगपूरची. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, त्यांचं वडिलांपासूनचं दुकान. थोरली त्रिशलाताई, सत्तेचाळीसची. लग्न होऊन दोन वर्षांत परत आलेली, ती पुन्हा गेलीच नाही. धाकटा भरतेश त्रेचाळीसचा, त्याचं लग्न राहूनच गेलं. दोघंच एकमेकांना. भरतेश दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस, पण लहानपणी झालेल्या काविळीनं यकृतात घर केलं आणि तिथंच कर्करोगाची गाठ धरली. यकृत बदलायचं ठरलं, तेव्हा दाता कोण हा प्रश्न त्या घरात निघालाच नाही.

“अक्काच्या पोटातलं मला घालणार म्हंजे आता माझंबी डोकं तिच्यासारखं तापणार,” भरतेश मला म्हणाला होता, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी. मी त्याला बिनमिठाच्या जेवणाचा कागद देत होते. तो वाचून म्हणाला, “मॅडम, तुमच्या जेवणात मीठ न्हाई ते न्हाई, बोलण्यातबी साखर न्हाई.”

“साखरही बंदच आहे तुम्हाला,” मी म्हटलं. तो खदखदून हसला.

त्रिशलाताई हसल्या नाहीत. त्या उभारीचा डबा उलटसुलट करून बघत होत्या. हे नेमकं काय करतं, असं त्यांनी विचारलं. मी वर लिहिलंय तेवढंच त्यांना सांगितलं, ‘बास’च्या निरोपाचं. त्या म्हणाल्या, “म्हंजे स्टार्टरच्या बटणात काडी.”

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. मोटारीवर भार जास्त झाला की स्टार्टर आपोआप तिला बंद पाडतो. शेताला पाणी द्यायची पाळी निघून चाललेला माणूस काय करतो, तर त्या बटणात आगपेटीची काडी खोचून ठेवतो. मग मोटार जळायला आली तरी स्टार्टरला ती थांबवता येत नाही.

“त्या दिवशी त्याला पाणी मिळतंय,” त्या म्हणाल्या, “आनि आठ दिवसांनी आमाला गिऱ्हाईक.”

“तुमची काडी आठ तासांनी आपोआप निघते,” मी म्हटलं. “आणि तुमचं यकृत निम्म्याहून कमी राहणार आहे. तुम्हाला ती लागणारच.” त्यांना पटलं. मला ते उदाहरण इतकं आवडलं, की पुढं कित्येक पेशंटना मी ते माझंच असल्यासारखं ऐकवलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. तिसऱ्या दिवशी त्रिशलाताईंना उभारी सुरू केली. दिवसातून तीन पुड्या, तिसरी रात्री नऊला. पण त्यांच्यात सूर्य मावळल्यावर खात नाहीत, म्हणून ती मी सहावर आणली. पूड पातळ पेजेत कालवायची. दंडावर रुपयाएवढी पट्टी चिकटवलेली असते. पुडीत एक निरुपद्रवी खूणद्रव्य घातलेलं असतं, ते अर्ध्या तासात घामात उतरतं, पट्टीला कळतं, आणि माझ्या पडद्यावर त्या नावापुढं हिरवी खूण उमटते. दाता जयसिंगपुरात असो की जतमध्ये, मी मिरजेत बसून बघू शकते.

त्या दिवशी पेज संपल्यावर त्रिशलाताईंनी वाटीत चूळभर पाणी घातलं, बोटानं कडेनं फिरवलं आणि पिऊन टाकलं.

“आमच्यात ताट धुऊन पितात,” मी बघतेय म्हणून त्या म्हणाल्या. “अन्नाचा कण टाकायचा न्हाई. पडून ऱ्हायला की त्यात जीव हुत्यात, मग ती हिंसा.”

मी खूष झाले. ही पूड चिकट असते, निम्मे दाते ती वाटीच्या तळाशीच सोडून देतात. मी त्याच दुपारी आमच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढवली : ‘पेज संपल्यावर वाटी विसळून ते पाणी प्यावे.’ ठळक अक्षरांत. साऱ्या दात्यांना तेच पत्रक जाऊ लागलं.

नवव्या दिवशी माझी चिंता वेगळी होती. भरतेश खात नव्हता. ताट यायचं तसं परत जायचं. नवं यकृत बसलेल्या माणसाला भूक नसणं काही नवं नाही, पण त्याचा चेहरा खोल गेला होता, दंडाची कातडी लोंबत होती. मी त्रिशलाताईंना बाजूला घेतलं. त्या स्वतः पोटाला पट्टा बांधून, एक हात भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“काहीही करा,” मी म्हटलं, “पण त्याच्या पोटात चार घास घाला. तुमचा तुकडा त्याच्या पोटात बसवला खरा, पण तो उपाशी राहिला तर तो तुकडा तरी कशावर वाढणार?”

“काईबी करू?”

“काहीही.”

हे मी जसंच्या तसं लिहितेय. मी बोलले ते असंच.

त्रिशलाताई भावासाठीच थांबल्या होत्या; पंधराव्या दिवशी दोघं घरी गेली. दर आठवड्याला भरतेशचं वजन माझ्याकडं यायचं. तिसऱ्या आठवड्यापासून ते चढू लागलं. एक किलो, मग दीड. व्हिडिओवर दिसायचा तेव्हा गाल भरलेले, डोळे पांढरेस्वच्छ. “मॅडम, अक्का हुलग्याचं माडगं करून घालायलीय, लई भूक लागत्या,” तो सांगायचा. माडगं म्हणजे कुळथाच्या पिठाची गूळ घातलेली पेज. मी त्रिशलाताईंना शाबासकी दिली. फटकळ बाईनं दिलेली शाबासकी, म्हणून त्यांनाही ती मोठी वाटली असावी. त्या नुसत्या हसल्या आणि दुसरीकडं बघू लागल्या. त्यांच्या नावापुढं रोज तीन हिरव्या खुणा होत्या, एकही चुकलेली नव्हती.

सहाव्या आठवड्याला दोघांची तपासणी झाली. भरतेशचं उत्तम. त्रिशलाताईंचं यकृत मात्र जेमतेम बावन्न टक्के. उभारी न घेणाऱ्याचं असतं तेवढंच.

“काही शरीरं प्रतिसाद देत नाहीत,” आमचे शल्यविशारद डॉक्टर नेर्लेकर म्हणाले. “घेते तर आहे ना नियमित?”

मी त्यांना पडदा दाखवला. शंभराहून जास्त हिरव्या खुणा, एका ओळीत.

“मग दुसरा सहा आठवड्यांचा कोर्स दे. दुप्पट मात्रा.”

मी त्याच दिवशी दिला. डबे मी स्वतःच्या हातानं पिशवीत भरले आणि त्रिशलाताईंना दम भरला, की तुम्ही स्वतःकडं लक्ष देत नाही. त्या दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून गेल्या.

अकराव्या आठवड्यात भरतेशच्या रक्तातली कर्करोगाची खूण वर गेलेली दिसली. लगेच स्कॅन काढले. नव्या यकृतात चार गाठी होत्या, फुफ्फुसांत मोजता येणार नाहीत इतके ठिपके.

“परत आला,” डॉक्टर नेर्लेकर म्हणाले. “दहातल्या एकाचा येतो. पण इतक्या वेगानं मी बघितला नव्हता.” मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “आणि हे बघ, यकृत केवढं वाढलंय. त्याच्या अंगाच्या मानानं सव्वापट आहे. थांबलेलंच नाही.”

ते गेले. मी त्या स्कॅनसमोर बसून राहिले. यकृत शरीराच्या मापाला येऊन थांबतं. न थांबणारं यकृत मी बावीस वर्षांत बघितलेलं नव्हतं. ते न थांबायला एकच गोष्ट लागते, आणि ती माझ्या टेबलावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता जयसिंगपूरला गेले.

दुकानामागंच घर. भरतेश पुढच्या खोलीत खाटेवर बसून कुणाशी तरी फोनवर मोटारीत घालायच्या तारेच्या फेऱ्यांबद्दल वाद घालत होता. त्याला आजार परतल्याचं सांगितलेलं होतं, पण ‘नवीन गोळ्या चालू करायच्यात’ एवढंच त्यानं ऐकलं होतं. मला बघून त्यानं हात जोडले. “अक्का, मीठ चोरणाऱ्या मॅडम आल्यात बघ!”

त्रिशलाताई स्वयंपाकघरात होत्या. गॅसवर पातेल्यात हुलग्याचं माडगं रटरटत होतं, गुळाचा वास सुटला होता. ओट्यावर उभारीच्या दोन पुड्या फोडलेल्या होत्या.

मी पुड्यांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“रागावणार न्हाई न्हवं?” त्या हळूच म्हणाल्या. चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या पोरीचं हसू होतं. “ती घेतली की मला अशी भूक लागायची, वाघासारकी. आनि ह्यो खाईना झालेला. तुमी म्हनलासा काईबी करा. मग मी माझी पूड त्याच्या माडग्यात घालाय लागले. गुळानं कडूपना मरतोय. चौथ्या दिवशी त्यानं दुसरी वाटी मागितली. मॅडम, मी इथंच बसून रडले बगा.”

“सगळी?” मी विचारलं.

“सगळी. मला काय धाड भरल्या? मी चालती-फिरती.”

“आणि तुमच्या पट्टीवर हिरवी खूण कशी यायची?”

“वाटीचं विसळण मी पीत हुते की. त्याची वाटी धुऊन. टाकायचं कसं?”

पट्टी मोजत नव्हती. पूड गेली का, एवढाच प्रश्न तिला विचारलेला होता, आणि ती खरं उत्तर देत होती. तळाशी चिकटलेली चिमूटभर पूड, चूळभर पाण्यात विरघळलेली, तेवढ्यावर ती दिवसातून तीनदा हिरवी होत होती. मी त्या हिरव्या खुणांवर विसंबून दुप्पट मात्रा दिली होती.

“अक्का, झालं का?” बाहेरून हाक आली. “पोटात कावळे वरडायल्यात.”

त्यांनी वाटी भरली. भरून दाराकडं निघाल्या. मी पुढं झाले, त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि मोरीत ओतली. मग पातेलं उचललं आणि तेही ओतलं. गुळाचा घट्ट लोट जाळीवर साचून राहिला. मी नळ सोडला.

त्या नुसत्या बघत राहिल्या.

“करपलंय ते,” मी म्हटलं. “आणि ही पूड आता बंद करा. दोघांनीही. या खेपेचे डबे खराब निघालेत.”

“करपलं?” त्या म्हणाल्या.

“हो. वास येत होता.”

“बरं,” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी दुसरं पातेलं चढवलं, साध्या भाताचं.

परत येऊन मी डॉक्टर नेर्लेकरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवलं.

“तुला हे सिद्ध करता येईल का, वैजयंती? उभारी घेतली नसती तरी रोग परतला असता की नसता?”

“इतका झटपट नसता.”

“कदाचित.” त्यांनी खिडकीकडं बघितलं. “तो पाच-सहा आठवड्यांत जाणार. त्यात आता काही बदलत नाही. त्या बाईला सांगून तू काय मिळवणार? भावाला स्वतःच्या पोटातलं काढून दिलं, आणि स्वतःच्याच हातानं मारलं, एवढं तिला कळेल. कशाला?”

हे दयेचं बोलणं होतं आणि सोयीचंही होतं. मला ते पटलं. पटवून घ्यायची मला घाई होती. नोंदीत मी लिहिलं : दाता, प्रतिसाद नाही. रुग्ण, रोग परतला. कंपनीला एक पत्र मात्र पाठवलं, की पट्टीत मात्रा मोजायची सोय करा. त्यांचं उत्तर आलं, की पट्टी ठरल्याप्रमाणे काम करते आहे.

भरतेश पाच आठवड्यांनी गेला. मातीला मी गेले होते. त्रिशलाताई कोरड्या डोळ्यांनी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “जाताना त्याला भूक लागली हुती, मॅडम. शेवटपतुर.” मी त्यांचा हात धरला आणि निघाले. नंतरही दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. दोन्ही वेळा चहा घेतला, त्यांच्या तब्येतीचं विचारलं आणि उठले. मी फटकळ आहे, असं सगळे म्हणतात. मी भित्री आहे, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं.

यानंतर महिन्याभरानं विट्याहून एक जोडपं आलं. नवऱ्याला कर्करोग, बायको दाता. सातव्या दिवशी दुपारच्या जेवणाला मी वॉर्डातून चालले होते. ती बाई खाटेवर टेकून पेज पीत होती. तिनं दोन घोट घेतले, इकडंतिकडं बघितलं आणि उरलेली वाटी नवऱ्याच्या डाळीत रिकामी केली. मग वाटीत पाणी घातलं, बोटानं कडेनं फिरवलं आणि पिऊन टाकलं. वर बघितलं तर मी. ती माझ्याकडं बघून हसली. पत्रकात सांगितल्याप्रमाणं केलं, अशा हसण्यानं.

तिला मी तिथंच थांबवलं. तिचं वेळेत सापडलं. पण पडद्यावर माझ्याकडं त्या दिवशी एकतीस दाते होते, आणि एकतीस नावांपुढं हिरव्या खुणा होत्या.

मी रात्रीपर्यंत थांबले नाही. पत्रकाचा नवा मजकूर लिहिला, खिशात घातला आणि जयसिंगपूरची गाडी धरली. छापण्याआधी तो एका माणसानं वाचायला हवा होता. दुसऱ्या कुणाकडून त्रिशलाताईंना ते कळलं असतं, तर मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

त्रिशलाताई दुकानात बसल्या होत्या. वजन उतरलेलं, डोळ्यांखाली काळं. मांडीशी साचा, त्यावर तांब्याची तार गुंडाळणं चाललेलं, ओठ हलत होते.

“बसा. मोजायलीये,” त्या म्हणाल्या. मी बसले. शेवटची फेरी घालून त्यांनी तार तोडली, टोकाला गाठ मारली आणि मग माझ्याकडं वळल्या.

“त्रिशलाताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी...”

“करपलं नव्हतं ते,” त्या म्हणाल्या.

मी खिशाकडं नेलेला हात मागं घेतला.

“मॅडम, मला जळल्याचा वास रस्त्याच्या पलीकडनं कळतोय. त्याच्यावरच पोट हाय माझं. तुमी माझ्या घरात येऊन शिजलेलं अन्न मोरीत ओतलंसा. वाटी विसळून प्या म्हनून छापनाऱ्या तुमी. तवाच कळलं, ह्यात कायतरी जीव घेनारं हाय.” त्यांनी बोटावर चिकटलेलं तांब्याचं कुसळ काढलं. “मग काडी आठवली. मीच बोलल्याली. माझ्यासाटी ती काडी हुती. त्याच्या अंगात आधीच एक मोटार जळायलेली. मी तिच्यातबी काडी घातली. व्हय न्हवं?”

“हो,” मी म्हटलं.

पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोडला. त्या रडल्या नाहीत, पण हात मांडीवर उताणे पडले आणि तसेच राहिले. बाहेर कुणीतरी गाडी लावून दुकान उघडं आहे का विचारलं. मग तो निघून गेला.

“मग तेव्हा विचारलं का नाहीत?” मी म्हटलं.

“भरतेश बाहेरच्या खोलीत हुता. मला नक्की कळलं असतं तर माझ्या तोंडावरनं त्याला कळलं असतं. पाच आठवडे मला त्याच्याफुडं हसायचं हुतं.” त्यांनी साचा बाजूला ठेवला. “नंतर वाट बघत हुते, तुमी सांगाल म्हनून. मातीला आलासा. दोनदा घरी आलासा. च्या पिऊन गेलासा.”

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माफी मागावी असं वाटलं आणि मागायचीही लाज वाटली. मी खिशातला कागद काढून त्यांच्यापुढं धरला. विट्याच्या बाईचं सांगितलं, एकतीस नावांचं सांगितलं.

त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. “‘सदर पूरक आहाराचे दात्याव्यतिरिक्त अन्य व्यक्तींनी सेवन केल्यास सुप्त पेशींच्या वाढीची शक्यता नाकारता येत नाही.’” चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “हे वाचून कोन थांबंल? मी न्हाई थांबले असते. माझा भाऊ उपाशी हुता.”

“मग काय लिहू?”

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कागद उलटा केला. मोटारींवर नंबर घालतात तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहायला लागल्या. मध्येच थांबल्या, पेन ओठाला लावलं, पुन्हा लिहिलं. मग कागद माझ्याकडं सरकवला.

‘ही पूड ज्याची त्यानेच खायची. माझ्या भावाला भूक लागावी म्हणून मी माझी त्याला दिली. त्याला भूक लागली. त्याचा रोग पण वाढला. दोन महिने मी माझ्या हाताने घातली आणि भाऊ गेला. आपल्या माणसाला देऊ नका. कितीही जीव तुटला तरी देऊ नका. त्रिशला मगदूम, मोटर रिवाइंडिंग, जयसिंगपूर.’

“नाव नको,” मी म्हटलं. “लोक काय वाट्टेल ते बोलतील. मजकूर हाच ठेवू, नाव काढू.”

“बिननावाचं कोन मानतंय?” त्यांनी मागच्या फळीकडं बोट केलं. तिथं भरून तयार झालेल्या मोटारी ओळीनं ठेवलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात तारीख आणि ‘त्रिशला’ असं लिहिलेलं होतं. “आमचे वडील, अण्णा सांगायचे, भरून दिलेल्या मोटारीवर आपलं नाव घालायचं. जळली तर मानसाला आपल्याकडं आनता आली पायजे. ह्येबी माझ्याच हातचं काम हाय, मॅडम.”

मी कागदाची घडी घालायला घेतली. त्यांनी तो माझ्या हातावर दाबून धरला आणि पेन पुढं केलं.

“वाटी विसळा म्हनून तुमीच लिवलेलं न्हवं?” त्या म्हणाल्या. “माझ्या नावाखाली तुमचं नाव घाला.”

मी घातलं.